नगर ते श्रीरामपूर, शांतवनच्या घंटीमागे

मी काही हिंडणारा माणूस नाही. भिंगारच्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सगळं जग माझ्याकडे पंक्चर होऊन येतं, त्यामुळे मला जगाकडे जायची फारशी गरज पडत नाही. पण गेल्या पौषात नगरच्या एका व्यायामशाळेनं नगर ते श्रीरामपूर अशी सायकलींची शर्यत ठरवली. तिचे चिटणीस, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, लॉरीतून मागे मागे यायचं. ज्याची सायकल बसेल तिला उठवायचं. बस्स."

मी नाहीच म्हणणार होतो. लढाई संपून दुसरा हिवाळा आला तरी चांगला टायर अजून परमिटावाचून दिसत नाही. अशा दिवसांत ही मंडळी शिवून शिवून वापरलेल्या टायरांवर चाळीसेक मैल पळणार, आणि मी मागून त्यांच्या ट्यूबांना ठिगळं लावत जाणार! घरच्या घरी हेच काम मी सावलीत बसून करतो. ज्यांना या रस्त्यानं सायकलीवर जायचं असेल त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून रस्त्याची हकिगत पुढे लिहिली आहे, पण मी गेलो तो रस्ता पाहायला नव्हे. शर्यतीत शांतवननं नाव दिलं होतं, म्हणून गेलो.

शांतवन आमच्या भिंगारचा तारवाला. पोस्टात आलेल्या तारा सायकलीवरून घरोघर पोचवायच्या हे त्याचं काम. भिंगार पडलं छावणीचं गाव, गल्लीगल्लीतून कुणी ना कुणी लढाईवर गेलेलं. त्या वर्षांत तार म्हणजे बहुतेक मरणाचीच बातमी. शांतवनची घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली की बायका चुलीपुढून उठून दाराशी यायच्या आणि ती पुढे निघून गेली की उंबऱ्यावरच बसायच्या. माझ्या दुकानात गप्पा मारणारी माणसं ती घंटी ऐकून बोलायची थांबत. दुकानामागेच आमचं बिऱ्हाड, तिथं माझी बायको तर दार लावून घ्यायची. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण त्याला समोरून येताना पाहून लोक वाट बदलत, हे मी रोज पाहत होतो.

सगळ्या भिंगारात त्या घंटीनं आनंद होणारं माणूस एकच, त्याची धाकटी बहीण मार्था. तिचा नवरा फौजेत आणि ती चर्चमागच्या चाळीत एकटी. शांतवनचं लग्न झालेलं नाही, तो दुपारचा तिच्याकडेच जेवायचा. कोपऱ्यावरून तो घंटी वाजवायचा आणि दारात पोचेपर्यंत तिची भाकरी तव्यावर पडलेली असायची. एके दिवशी पोस्टात तिच्याच नावाची तार आली, नवरा लढाईत कामी आल्याची. दुसऱ्या शिपायाला पाठवता आलं असतं, पण आपल्या बहिणीला हे परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून तो स्वतः निघाला. आणि कोपऱ्यावर आल्यावर त्याचं बोट सवयीनं घंटीवर गेलं. मार्थानं भाकरी टाकली आणि हसत बाहेर आली.

हे त्यानं मला एकदाच सांगितलं, माझ्या दुकानात, सायकलीची घंटी सोडवून घेताना. "ही तुमच्याकडंच ठिवा मिस्त्री," म्हणाला. तेव्हापासून तो बिनघंटीचा हिंडू लागला. मार्था श्रीरामपूरला सासूकडे राहायला गेली. तो एकदा रेल्वेनं भेटायला गेला तर ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. सासूनं पाणी दिलं, ते पिऊन तो परत फिरला.

"मग आता ही शर्यत कशाला मध्येच?" मी त्याला विचारलं.

"शर्यत बगाया समदं गाव भायेर येतं, मिस्त्री. ती बी येल. मी सायकलीवर येतोय आन लोकं टाळ्या वाजवत्यात, येवढं तिनं एक डाव बगावं. मला नंबर नगं, काय नगं."

मी मास्तरांना हो म्हणून कळवलं.

शर्यत दिल्ली दरवाज्याबाहेरून सुटायची होती. सकाळी थंडी अशी की पाना हातात धरवेना. रस्ता रहदारीला बंद करता येणार नव्हता, त्यामुळे परवानगी देताना पोलिसांनी अट घातली होती की प्रत्येक सायकलीला ब्रेक आणि घंटी हवीच. तपासायचं काम माझं. सायकल ठीक असेल तर मागच्या मडगार्डवर मी खडूनं फुली मारायची. फुली नाही तर शर्यत नाही. एकेकाच्या सायकली पाहून संताप आला. एकानं चेनीला तेल म्हणून खोबरेल घातलं होतं. "वास छान येतोय," मी म्हणालो, "पण ही सायकल आहे, नवरी नव्हे." मास्तर हसले नाहीत. ते शर्यतीच्या दिवशी हसत नाहीत.

शांतवन सगळ्यात शेवटी आला. खाकी कपडे नव्हते, पांढरा सदरा घातला होता. सायकल चकचकीत पुसलेली, हँडलवर घंटीची जागा मोकळी. मी पेटी उघडून त्याचीच जुनी घंटी बाहेर काढली. आदल्या दिवशी तिला तेलपाणी करून ठेवलं होतं.

"हीच आनली व्हय?" तो म्हणाला.

"दुसरी आणली असती तरी आवाज तोच. लढाईत दुसऱ्या बनावटीची घंटी भिंगारात आलीच नाही."

त्यानं हँडल माझ्याकडे वळवलं. "लावा. पन मी वाजवनार न्हाई."

मास्तर पलीकडून पाहत होते आणि घंटी वाजवून दाखवायचा नियम होता. मी घंटीवर तळहात दाबून धरला आणि खटका ओढला. आतून नुसतं खट् झालं. "वाजली का?" मास्तरांनी विचारलं. मी म्हणालो, "वाजली," आणि फुली मारली.

आमची लॉरी कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. पेट्रोलची टंचाई पडल्यापासून अशा पुष्कळ निघाल्या आहेत. मागे न्हाणीघरातल्या बंबासारखा बंब, त्यात लोणारी कोळसा, आणि लॉरी खोकत खोकत चाललेली. ड्रायव्हरशेजारी मास्तर, मागे मी, पाण्याचा पिंप, दोन जादा चाकं आणि ट्यूबा. सावेडीची ज्वारी डोक्याएवढी उभी होती आणि दव इतकं पडलेलं की रस्त्याची धूळ पार बसली होती. सायकलवाल्यांनी सकाळी लवकर निघावं ते यासाठी. उन्हं वर आली की हीच धूळ डोळ्यांत आणि चेनीत जाते.

विळदचा घाट नगरहून जाताना उताराचा आहे. उताराचा म्हणून खूश होऊ नये, येताना तोच चढायचा असतो. रस्ता खडीचा, वळणावर खडी सुटलेली. मागचा ब्रेक आधी आणि पुढचा जपून, एवढं लक्षात ठेवलं तर माणूस खाली धड पोचतो. आमची लॉरीच इतकी दबकत उतरली की पायथ्याशी पोचलो तेव्हा शर्यत कुठल्या कुठे गेली होती. देहऱ्याच्या पुढे पहिला हात वर झालेला दिसला. आमच्यात पद्धत अशी की ज्याचा हात आधी वर त्याची सायकल आधी, मग तो ओळखीचा असो की नसो. त्या सकाळी हात पुष्कळ वर झाले. गाडीबैलांचा हंगाम, आणि बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्यांचे खिळे सगळ्या रस्त्यावर सांडलेले. ट्यूबेत आडवं भोक दिसलं की खिळा आणि बारीक टोचलेलं दिसलं की बाभळीचा काटा. काटा निघाला तर टायर आतून बोटानं चाचपून घ्यावा, त्याचा भाऊ बहुतेक शेजारीच असतो.

राहुरीपर्यंत सावली अशी नाही. गावात बाजारपेठेच्या तोंडाशी एका हॉटेलात एका आण्यात चहा आणि गरम भजी मिळाली. भजी खावीत, चहाची शिफारस करत नाही. तिथं बाकावर बसलेल्या दोघांचं बोलणं कानावर पडलं.

"कोन जिकलं म्हनं?"

"अजून कुनीच न्हाई. ही मागची चालल्यात."

"मागची कशापायी पळत्यात मग?"

शांतवन त्या मागच्यांतच होता. पाय दमदार, रोज उन्हातान्हात सायकल मारणारा माणूस, जोर लावला असता तर पहिल्या पाचांत राहिला असता. पण रस्त्यात म्हैस आडवी आली, माणसं आली, की बाकीचे घंटी बडवून वाट काढत आणि हा वेग कमी करून थांबायचा. मास्तरांच्याही ते लक्षात आलं. "हा घंटी का वाजवत नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "त्याला घाई नाही." पण असाच थांबत राहिला तर तो पोचेपर्यंत लोक घरी गेलेले असणार.

राहुरीपुढे देवळालीच्या रस्त्याला लागलं की मुलूखच बदलतो. कॅनॉलचं पाणी आलेलं, दोन्ही अंगांना ऊस, हवेत गुळाचा वास. डोळे निवतात, पण सायकलवाल्यानं डोळे रस्त्यावरच ठेवावेत. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. गाडी निम्म्या रस्त्याएवढी रुंद, वर उसाचा डोंगर, आणि गाडीवानाला मागचं काही दिसत नाही. त्याला मागचं कळतं ते फक्त ऐकून.

आम्ही एका वळणावर आलो तर गाड्या थांबलेल्या. शांतवन रस्त्याच्या कडेला बसला होता, गुडघा फुटलेला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्त आणि माती. सायकल एका गाडीच्या चाकाशी पडली होती. तो बराच वेळ त्या गाडीच्या मागे मागे चालला होता. शेवटी न राहवून त्यानं कडेनं घुसायचं मनात आणलं आणि नेमके गाडीवानानं बैल त्याच अंगाला वळवले. गाडीवान डोक्याला हात लावून उभा होता. म्हातारा होता.

"आवो, घंटी न्हाई व्हय तुमाला? वाजवायची की! म्या लगीच बाजू दिली असती."

"हाय घंटी," शांतवन म्हणाला. मग सायकलीकडे पाहून म्हणाला, "हुती."

गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घंटीवरून गेली होती. ती पापडासारखी चपटी झाली होती.

मी आधी त्याचा गुडघा बांधला, मग चाक हातात घेतलं. रिम वाकली होती, पण तुटली नव्हती. चाकाच्या तारा कुठे आवळत, कुठे सैल करत ते सरळ करून घेतलं. मास्तर लॉरीतून उतरून आले. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की बोलायचं त्यांच्या जिवावर आलं आहे.

"घंटीवाचून पुढं सोडता येणार नाही, शांतवन. पोलिसांना शब्द दिलाय मी. लॉरीत बस."

मला राग आला. "लॉरीत बसून तो तिच्यापुढं उतरणार का?" मी ओरडलो. मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मग मी तिथं रस्त्यात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तार, कोपरा, तव्यावरची भाकरी. शांतवन खाली मान घालून ऐकत होता. मी परस्पर सांगायला नको होतं कदाचित, पण सांगितलं.

आधी बोलला तो गाडीवान. "आमच्याकडं बी आल्ती तार," तो म्हणाला. "थोरल्या पोराची. तार देनारा दारात उभा ऱ्हायला, मी त्याला शिव्या दिल्या. नंतर वाटलं, ह्यो बाबा आता कुनाकडं जाऊन भाकर खात आसंल?"

एवढं बोलून तो बैलांकडे वळला. एका बैलाच्या गळ्यातल्या माळेतून त्यानं एक मोठं पितळी घुंगरू सोडवलं आणि सुतळीनं शांतवनच्या हँडलला बांधलं, जुन्या घंटीच्याच जागेवर. "हे वाजवाया लागत न्हाई," तो म्हणाला. "रस्ता हाय तवर आपसूक वाजतंय. तुमी नुसतं चालवा."

शांतवननं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हँडल धरून हलवलं. छन् झालं. "नियमात ऐकू येईल अशी घंटी म्हटलंय," ते म्हणाले. "ऐकू येतेय." पडताना मडगार्डवरची फुली पुसली गेली होती. मास्तरांनी माझ्या पेटीतला खडू उचलला आणि स्वतःच्या हातानं नवी फुली मारली.

तिथून पुढे श्रीरामपूरपर्यंत आमची लॉरी त्याच्या मागे होती आणि घुंगरू सारखं वाजत होतं. गाड्या आपोआप बाजूला होत. गाडीवान वळून बैल शोधायचे आणि सायकल पाहून तोंड उघडं टाकायचे. त्याचा गुडघा सुजत चालला होता, पण थांबला नाही.

श्रीरामपूरला जुनी माणसं अजून बेलापूर रोडच म्हणतात. स्टेशन आहे, मोठी बाजारपेठ आहे, पेरू स्वस्त आणि गोड. मुक्काम करायचा तर स्टेशनाजवळ सोय होते. आम्ही पोचलो तेव्हा पहिल्या आलेल्याला हार घालून झाला होता आणि मंडप निम्मा रिकामा होता. उरलेल्या लोकांनी शांतवनसाठी टाळ्या वाजवल्या, पुष्कळ वाजवल्या. कुणी ओरडलं, "आरं, बैल कुटं सोडला?" सगळे हसले. तो हसला नाही. रेघ ओलांडून तो एका पायावर उभा राहिला आणि बायका उभ्या होत्या त्या बाजूला पाहत राहिला. एकेक चेहरा पाहून झाला.

"न्हाई आली," तो म्हणाला.

मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. मग म्हणाला, "घर हितून जवळ हाय. चला संगं. मला एकट्याला न्हाई जमायचं."

ख्रिस्ती वस्ती चर्चच्या मागे आहे. मातीची घरं, स्वच्छ सारवलेली अंगणं. शांतवन लंगडत सायकल हातानं ढकलत होता, मी बरोबर चालत होतो, आणि प्रत्येक पावलाला घुंगरू वाजत होतं. त्यानं एकदा ते मुठीत धरायला हात नेला आणि परत घेतला. एका घरापुढे कुडाचं कुंपण, आत मेथीचा वाफा. आम्ही कुंपणाशी पोचतोय तोच आतून बाईचा आवाज आला.

"कोन हाय त्ये? बैल हिकडं आनू नगा! काल बी निम्मी मेथी खाल्ली!"

आणि हातात काठी घेऊन मार्था बाहेर आली, बैल हाकलायला.

समोर भाऊ उभा. तिची काठी तशीच वर राहिली. मी लिंबाच्या झाडामागे सरकलो. तिनं हँडलकडे पाहिलं, जिथं ती घंटी असायची. मग त्याच्या हातांकडे पाहिलं.

"हातात काय हाय?" तिनं विचारलं.

"काय न्हाई."

त्यानं सायकल अंगावर टेकवून घेतली आणि दोन्ही तळहात उघडून तिच्यापुढे धरले. तेलाचे डाग होते, माती होती, दुसरं काही नव्हतं. तिनं ते हात नीट पाहिले, आधी एक, मग दुसरा. मी पुष्कळ वर्षं माणसांचे हात पाहतो आहे, पण रिकामे हात कुणी इतका वेळ पाहिलेले मला आठवत नाहीत.

"रगत हाय," ती म्हणाली.

"पडलो वाटंत."

"सायकल भायेर लाव, दादा. मेथीवर नगं." मग काठी कुंपणाला टेकवून ती वळली. "हात धू. भाकरी टाकते."

शांतवन तिथंच खाली बसला आणि रडला. मीही झाडामागे रडलो, लपवण्यात काय अर्थ? थोड्या वेळानं सासूबाई मलाही बोलवायला आल्या. म्हाताऱ्या माणसांना झाडामागचं बरोबर दिसतं. ज्वारीची भाकरी, मेथीचीच भाजी आणि ठेचा. मार्था भाकऱ्या करत राहिली आणि शांतवन खात राहिला, भूक भागल्यावरसुद्धा.

त्याला मुक्कामाला ठेवून मी संध्याकाळच्या गाडीनं निघालो. परतीला सायकल असेल तर सरळ रेल्वेत घालावी आणि घाटाच्या चढातून सुटावं, हा माझा सल्ला. थर्ड क्लासात गर्दी होती. वांबोरीला एक कुटुंब उतरलं आणि खिडकी मिळाली. चपटी झालेली घंटी माझ्या खिशात होती, बसताना मांडीला टोचत होती. ती अजून दुकानात आहे. मोडीत घालायला हात होत नाही.

परत आल्यावर लोक विचारतात, शर्यत कोणी जिंकली? मला नाव आठवत नाही. खोबरेलवाला नव्हता, एवढं खात्रीनं सांगतो.

शांतवननं घुंगरू हँडलवर ठेवलं आहे. महिन्यातून एकदा श्रीरामपूरला जातो. पण तारा यायच्या थांबत नाहीत, आणि सगळ्याच काही वाईट नसल्या तरी त्या त्यालाच पोचवाव्या लागतात. मला वाटलं होतं, भिंगारचे लोक थोड्याच दिवसांत या नव्या आवाजालाही भिऊ लागतील. तसं झालं नाही, कारण त्यानं आपला एक नेम केला आहे. तार असली की घुंगरू सोडून खिशात ठेवायचं आणि गुपचूप जायचं. तार देऊन झाली की ते परत बांधायचं. घुंगरू वाजत आलं म्हणजे शांतवनचे हात रिकामे, हे गल्लीगल्लीत कळलं आहे. आता बायका त्या आवाजाला उठत नाहीत.

परवा दुपारी तो दुकानावरून आवाज न करता गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही हाक मारली नाही. पाना खाली ठेवून बसून राहिलो. कोणत्या गल्लीत वळला तेही पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं पलीकडून घुंगरू वाजत आलं, हळूहळू, दमलेल्या माणसाच्या सायकलीसारखं.

माझ्या बायकोनं आतून विचारलं, "शांतवन चाललाय का?"

"हो," मी म्हणालो.

"मग थांबवा त्याला. जेवला नसंल अजून."